दुसऱ्याचे पत्र लिहिणारा हात : ‘सेंट्रल स्टेशन’मधील डोरा आणि जोझुए

शापोराकाठ (बार्देस) :

वॉल्टर सालेस या ब्राझिलियन दिग्दर्शकाचा १९९८ सालचा ‘सेंट्रल स्टेशन’ हा चित्रपट मी गेल्या आठवड्यात पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला त्याला बरीच वर्षे झाली. तेव्हा एका उतारवयातल्या बाईची आणि एका पोरक्या मुलाची हृद्य गोष्ट, एवढेच मनात राहिले होते. या वेळी मात्र एका प्रसंगापाशी मी अडलो आणि त्यावर इथल्या जाणकारांशी बोलावे म्हणून हा धागा काढत आहे. शेवटाबद्दल बोलल्यावाचून मला माझे म्हणणे मांडता येणार नाही, तेव्हा ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा.

कथा थोडक्यात अशी. डोरा ही निवृत्त शिक्षिका रिओ दि जानेरोच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकात मेज मांडून बसते आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रे पैसे घेऊन लिहून देते. लोक तिच्यासमोर पोटातले बोलतात, पत्र टपालात पडेल या विश्वासाने निघून जातात, आणि ती संध्याकाळी घरी शेजारीण इरेनेबरोबर ती पत्रे वाचून काही फाडून टाकते, काही खणात कोंबून ठेवते. आना नावाची एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या जोझुएला घेऊन येते आणि दूर ईशान्य ब्राझीलमध्ये राहणाऱ्या त्याच्या बापाला पत्र लिहवून घेते. दुसऱ्यांदा येऊन पत्र सांगून ती स्थानकाबाहेर पडते आणि तिथेच बसखाली सापडते. मुलगा स्थानकातच उरतो. डोरा त्याला घरी नेते, पण मायेने नव्हे. पैसे घेऊन ती त्याला मुले विकणाऱ्यांच्या हवाली करते आणि त्या पैशांतून नवा टीव्ही आणते. इरेने तिची कानउघाडणी करते, रात्र तळमळत जाते, आणि दुसऱ्या दिवशी डोरा त्या मुलाला तिथून पळवून आणते. मग दोघे बसने बापाच्या शोधात निघतात.

या प्रवासात गोडवा फारसा नाही, हे मला या वेळी प्रकर्षाने जाणवले. ती खोटारडी आहे हे मुलाला पक्के माहीत आहे आणि ते तो तोंडावर सांगतो. मुलगा हट्टी आहे, बापाच्या बढाया मारतो, तिची दारू पिऊन बसमध्ये धिंगाणा घालतो. एका थांब्यावर ती त्याला बसमध्ये झोपलेला सोडून मागे राहू पाहते, तर तो तिच्याआधीच खाली उतरलेला असतो आणि तिचे पैसे ज्या पिशवीत होते ती पिशवी बसबरोबर निघून जाते. तेव्हापासून दोघे सारखेच कफल्लक होतात, आणि मला वाटते की मैत्रीला खरी सुरुवात तिथे होते. तोवर ती मोठी होती आणि तो लहान. आता दोघेही उपाशी आहेत.

मी ज्या प्रसंगापाशी अडलो तो शेवटाकडचा आहे. बाप सापडत नाही. त्याची दोन मोठी मुले, इसायास आणि मोइझेस, सापडतात. दोघे सुतारकाम करतात, पण वाचता कुणालाच येत नाही. बापाने आनासाठी लिहवून पाठवलेले एक पत्र त्यांनी न उघडता जपून ठेवलेले असते. डोरा ते मोठ्याने वाचते. बाप लिहितो की तो आनाला शोधायला रिओला गेला आहे, परत येईल, सगळे एकत्र राहतील. आणि दोन मुलांच्या नावांपुढे डोरा तिसरे नाव वाचते, जोझुएचे. कागदावर ते नाव नाही. मुलगा तिच्याकडे पाहत राहतो.

मी तिथे का अडलो तेही सांगतो. १९८०च्या दशकाच्या मध्यावर आमच्या वाड्यावर एक वृद्ध ख्रिस्ती शेजारीण राहत असे. मे महिन्यात मुंबईहून येणारी तिची नातवंडे तिला शामाय म्हणत, म्हणून आम्हीही शामायच म्हणत असू. तिचा मुलगा तारवटी होता, वर्षातले नऊ-दहा महिने जहाजावर. शामायला लिहिता-वाचता येत नव्हते. मराठी शाळेत पाचवीला मी इंग्रजी मुळाक्षरे शिकलो आणि तेव्हापासून तिची पत्रे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. पत्र कोंकणीत, पण रोमी लिपीत लिहायचे, कारण मुलाला तीच वाचायची सवय होती. ‘श’साठी ‘एक्स’ लिहायचा, हे तिनेच मला आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकावर बोट ठेवून शिकवले. अक्षर तिला ओळखता येत नव्हते, पण कुठल्या ओळीत कुठला शब्द आहे हे तिला पाठ होते. निळ्या एअरोग्रामची, म्हणजे परदेशी टपालाच्या घडीपत्राची, एकही कडा कोरी राहिलेली तिला खपत नसे, कारण पैसे सगळ्या कागदाचे मोजले आहेत असे ती म्हणे. त्यामुळे शेवटची दोन वाक्ये मी घडीच्या पट्टीवर, डिंकाच्या रेघेला लागून, आडवी लिहीत असे.

एका जूनमध्ये तिने मला सांगितले की, लिही, डोळ्यांनी दिसेनासे झाले आहे, हा करार संपला की परत जाऊ नकोस. मी सातवीत होतो. घरी आईला विचारले, तर ती म्हणाली की समुद्रावरच्या माणसाला असे लिहू नये, तिथे बसून तो काय करणार. मी ते वाक्य लिहिले नाही. आंबे किती लागले, पाऊस कधी सुरू झाला, विहिरीला पाणी किती चढले, हे लिहून कागद भरला. शामायने नेहमीप्रमाणे वाचून दाखव म्हटले, तेव्हा कागदावर नसलेले ते वाक्य मी तिला न अडखळता वाचून दाखवले. पुढे मुलाची पत्रे येत राहिली. प्रत्येक पत्र ती मला दोनदा वाचायला लावी आणि विचारी, “दोळ्यांविशीं ताणें कांयच बरोवंक ना?” म्हणजे, डोळ्यांविषयी त्याने काहीच लिहिले नाही?

डोराने कागदावर नसलेले वाचले, मीही वाचले. मग तिचे वाचणे ऐकताना डोळ्यांत पाणी का यावे, आणि माझे आठवले की मान खाली का जावी? माझे उत्तर मला अर्धेमुर्धे सापडले आहे. ते नाव उच्चारून डोरा त्या मुलाला त्या घरात जागा देते, आणि त्याच क्षणी त्याच्यावरचा स्वतःचा हक्क सोडून देते. आधी पत्रे फाडताना ती दुसऱ्यांची आयुष्ये स्वतःच्या करमणुकीसाठी वापरत होती. आता तोच अधिकार ती स्वतःच्या विरुद्ध वापरते. मी मात्र शामायला जे ऐकायचे होते ते ऐकवून माझी सुटका करून घेतली. इतरांना काय वाटते?

सिनेवाट (पणजी) :

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. आपल्या प्रश्नाकडे येण्याआधी चित्रपट कसा घडला याबद्दल थोडे सांगतो, कारण त्याचा आपल्या मुद्द्याशी थेट संबंध आहे.

या चित्रपटाच्या आधी सालेस यांनी ‘सोकोरो नोब्रे’ नावाचा एक छोटा माहितीपट केला होता. तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या एका बाईने, युद्धातून वाचून ब्राझीलला आलेले, मूळचे पोलंडचे शिल्पकार फ्रान्स क्राइचबर्ग यांच्याविषयी वाचून, त्यांना पत्र लिहिले आणि त्यातून दोघांचा स्नेह जुळला, त्याची ती हकिकत आहे. एक पत्र दोन परक्या माणसांच्या आयुष्यात किती घडवू शकते, हा विचार सालेस यांना तिथे मिळाला. ‘सेंट्रल स्टेशन’च्या अगदी सुरुवातीला जी बाई डोरासमोर रडत पत्र सांगते, ती हीच सोकोरो नोब्रे आहे. शिवाय स्थानकात मेज मांडून चित्रण चालले असताना खरोखरीचे प्रवासी येऊन आपापली पत्रे सांगू लागले आणि त्यांतली काही चित्रपटात आली. म्हणूनच सुरुवातीचे ते चेहरे नटांचे वाटत नाहीत.

जोझुएची भूमिका करणारा विनिसियस दि ओलिवेरा हा विमानतळावर बुटांना पॉलिश करणारा मुलगा होता. त्याने त्याआधी कधी अभिनय केलेला नव्हता. समोर फर्नांडा मॉन्टेनेग्रो, जन्म १९२९चा, ब्राझीलच्या रंगभूमीवरचे सर्वांत आदराचे नाव. पडद्यावर जी अवघड मैत्री दिसते तिच्यामागे चित्रीकरणातली ही दुसरी जोडीही आहे. चित्रपटाला १९९८च्या बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले, मॉन्टेनेग्रो यांना अभिनयासाठी रौप्य अस्वल मिळाले आणि पुढच्या वर्षी ऑस्करसाठी त्यांचे नामांकनही झाले. सालेस यांच्या ‘आय अ‍ॅम स्टिल हिअर’ला २०२५मध्ये ऑस्कर मिळाले, तेव्हा त्यातली प्रमुख भूमिका मॉन्टेनेग्रो यांच्या कन्येची, फर्नांडा टोरेस यांची, होती आणि त्याच व्यक्तिरेखेच्या म्हातारपणी स्वतः मॉन्टेनेग्रो काही मिनिटे दिसल्या. त्या चित्रपटात त्यांना जवळजवळ एकही शब्द नाही, आणि तरी नजर हटत नाही.

आता छायाचित्रणाकडे लक्ष वेधतो. वॉल्टर कार्व्हालो यांनी रिओमधली दृश्ये अशी टिपली आहेत की डोराच्या मागचे सगळे जग धूसर राहते. माणसांचे लोंढे येतात-जातात, पण एकही चेहरा स्पष्ट होत नाही, कारण ती कुणाकडे पाहतच नाही. बस शहराबाहेर पडते, रंग बदलतात आणि हळूहळू मागचे डोंगर, माणसे, घरे स्पष्ट दिसू लागतात. मैत्री झाली हे संवादातून सांगण्याऐवजी चित्रपट तिची नजर साफ होताना दाखवतो. पत्रवाचनाच्या प्रसंगापर्यंत तिला समोरचा माणूस दिसू लागलेला असतो, आणि माझ्या मते शापोराकाठ यांच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. सातवीतल्या मुलाला शामायची भीती दिसली नसेल, यात त्याचा फार दोष मानू नये.

जुनी वही (फोंडा) :

मी सदतीस वर्षे शाळेत शिकवले. हा चित्रपट मला आवडतो, तरी त्याच्याशी माझे एक भांडण आहे आणि ते इथे स्पष्टपणे मांडते.

डोरा शिक्षिका आहे, ही गोष्ट आपण सगळे पटकन विसरतो. जिने आयुष्यभर मुलांना अक्षरे शिकवली ती बाई ज्यांना अक्षर आले नाही त्यांना हसते आणि एका मुलाला विकते. ती त्याला परत आणते हे खरे, पण चित्रपट त्या अपराधापाशी पुरेसा थांबत नाही असे मला वाटते. टीव्ही आला, रात्र गेली, मुलगा सुटला, आणि प्रवासाच्या ओघात आपण तिच्या बाजूचे होऊन जातो. त्या घरात आणखी मुले असतील, त्यांचे काय झाले, हा प्रश्न कुणी विचारत नाही. इरेनेच तेवढी रागावते. म्हणून मला इरेने या चित्रपटातले सर्वांत सरळ माणूस वाटते.

दुसरे, त्या वाचलेल्या नावाबद्दल. शापोराकाठ, आपण म्हणता की डोराने आपला हक्क सोडला. पण पत्र उरते. तो कागद त्या घरात राहणार आहे. आज त्या भावांना वाचता येत नाही, उद्या कुणी वाचणारा येईल, कदाचित जोझुए स्वतःच तो उलगडेल आणि त्यात आपले नाव शोधेल. ते नाव त्याला सापडणार नाही, तेव्हा त्याचे काय होईल? तोंडी दिलेली जागा कागदाने काढून घेतलेली त्याला सोसावी लागेल. मुलांशी गोड खोटे बोलू नये, हे मी वर्गात फार ठेचा खाऊन शिकले.

याउलट मला रवींद्रनाथांची ‘काबुलीवाला’ ही १८९२ सालची कथा आठवते. १९६१च्या हिंदी चित्रपटात बलराज साहनींनी तो पठाण उभा केला. रहमतला लिहिता येत नाही. त्याच्या कुडत्यात एक चुरगळलेला कागद आहे आणि त्यावर त्याच्या मुलीच्या हाताचा काजळीने उमटवलेला ठसा आहे. त्या पत्रात एकही अक्षर नाही, म्हणून त्यात कुणाला काही गाळता येत नाही की घालता येत नाही. मिनीच्या बापाला तो कागद दिसतो आणि दोन बापांतले अंतर क्षणात मिटते. रहमत आणि मिनी यांची मैत्री मात्र टिकत नाही. मिनी मोठी होते, लग्नाच्या दिवशी त्याला पाहून संकोचते. वयातले अंतर मैत्रीला पुढे नेऊनही सोडते आणि मागेही ठेवते, हे टागोरांनी अधिक कठोरपणे सांगितले आहे.

शापोराकाठ (बार्देस) :

बाई, आपला पहिला मुद्दा मी मान्य करतो. विकलेल्या मुलाची गोष्ट चित्रपट लवकर मागे टाकतो, आणि त्या घरातल्या इतर मुलांचा विचार मी दोनदा पाहूनही केला नव्हता, याची मला खंत वाटते.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल मात्र एक गोष्ट सुचवतो. पहाटे निघण्यापूर्वी डोरा त्या घरातल्या भिंतीवरच्या आई-बापांच्या तसबिरीखाली दोन्ही पत्रे शेजारी शेजारी ठेवते : बापाने आनाला लिहवलेले आणि आनाने बापाला लिहवलेले. आनाचे पत्र तिनेच लिहिले होते, तिनेच इतके दिवस टपालात टाकले नव्हते. नाव नसलेल्या पत्राशेजारी तिने असे पत्र ठेवले ज्यात जोझुएच्या आईची हाक आहे. पुढे तो दोन्ही वाचेल तेव्हा एकात त्याला स्वतःचे नाव मिळणार नाही, पण दुसरे कुणामुळे तिथे पोचले हे त्याला कळेल. हे पुरेसे आहे की नाही, याबद्दल माझे मन अजून डळमळते.

पावसाळी (मडगाव) :

मी या धाग्यावर बहुधा सर्वांत लहान असेन. हा चित्रपट मी एकटीने पाहिलेला नाही; आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या एका आजोबांबरोबर पाहिला. १९६१ साली ते पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाच्या शाळेत, शिकत होते. पोर्तुगीज त्यांना अजून छान येते, पण बोलायला माणसे उरली नाहीत असे ते म्हणतात. मी त्यांची मोबाइलची बिले भरून देते आणि ते मला पोर्तुगीज शिकवतात, इतकीच आमची ओळख होती.

उपशीर्षके त्यांना वाचता येत नाहीत, म्हणून त्यांनी ऐकायचे आणि मी वाचायचे, असे ठरले. पहिली दहा मिनिटे ते वैतागले, कारण ब्राझीलची मंडळी स्वर फार उघडे आणि सैल उच्चारतात असे त्यांचे म्हणणे पडले. मग जोझुए बापाचा विषय काढतो आणि ‘पाय’ म्हणतो, तेव्हा ते एकदम सावरून बसले. आमच्याकडे ख्रिस्ती घरांत बापाला ‘पाय’ म्हणतात हे मला माहीत होते, पण रिओच्या स्थानकात तोच शब्द ऐकून माझ्याही अंगावर काटा आला. डोराच्या टेबलाला ते लोक जे म्हणतात ते आपल्या ‘मेज’च्या अगदी जवळचे आहे. आणि डोराचे नाव ते ‘ड’ने नाही, मऊ ‘द’ने म्हणायचे असे आजोबांनी मला दोनदा सुधारून सांगितले. ‘दोरा’ म्हणजे मराठीत काय हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांना फार बरे वाटले. पत्रे लिहिणाऱ्या बाईला शोभते, म्हणाले.

एका प्रसंगाबद्दल त्यांचे मत इथे द्यावेसे वाटते, कारण त्यावर अजून कुणी बोललेले नाही. सेझार हा ट्रकचालक दोघांना वाटेत सोबत घेतो. धार्मिक, भिडस्त, दारूला न शिवणारा माणूस. डोराचे मन त्याच्याकडे ओढ घेते. ती प्रसाधनगृहात एका अनोळखी बाईकडून लिपस्टिक मागून घेते, ओठांना लावून बाहेर येते, आणि काचेतून पाहते तर ट्रक निघून गेलेला असतो. मला तो प्रसंग फक्त वाईट वाटला होता. आजोबा म्हणाले की, या बाईला दिग्दर्शकाने आजी केले नाही, ही त्याची मोठी गोष्ट आहे. तिला हवे-नको आहे, लाज आहे, अपमान आहे. मुलगा हे सगळे पाहतो आणि तिला सांगतो की लिपस्टिक लावल्यावर ती छान दिसते. आजोबांचे म्हणणे असे की म्हाताऱ्या माणसाशी मैत्री करायची तर त्याला आधी माणूस मानावे लागते, आणि तो मुलगा तेवढे करतो. शेवटी निघताना ती जोझुएने घेऊन दिलेला झगा घालते आणि पुन्हा लिपस्टिक लावते, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत.

शेवटी डोरा बसमध्ये बसून जोझुएला पत्र लिहिते, त्यात ‘सावदाद’ हा पोर्तुगीज शब्द येतो. उपशीर्षकात त्याचे जे झाले ते वाचून मी त्यांना ऐकवले, तर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, नाही, हे नाही. मग बराच वेळ शब्द शोधला. हुरहुर म्हणू का, असे मी विचारले. जवळ आहे, म्हणाले, पण हुरहुरीत पुढे काही घडायचे असते, आणि यात जे घडून गेले तेच घट्ट धरून ठेवलेले असते.

वाटसरू (पेडणे) :

आम्हां मांद्रे-मोरजीच्या लोकांना या विषयावर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ आठवल्याशिवाय राहत नाही. २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ त्याला मिळाले. कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनासाठी आलेली जानकी वाटेत तापाने फणफणलेल्या, जगण्यावरचे मन उडालेल्या एका तरुणाला घरी आणते. त्याचे नाव-गाव विचारत नाही, उपदेश करत नाही, दार उघडे ठेवते. इरावती हर्षे आणि आलोक राजवाडे यांनी तो मौनाचा व्यवहार फार नाजूकपणे केला आहे.

डोरा आणि जोझुए यांच्यात सगळे भांडून होते, इथे सगळे न बोलून. पण दोन्हीकडे मोठ्या बाईला स्वतःच दुखणे आहे. जानकीही त्याच अंधारातून गेलेली आहे, आणि डोरालाही बापाने टाकलेले आहे. प्रवासात ती जोझुएला सांगते की घर सोडून गेलेला बाप पुढे कधीतरी रस्त्यात भेटला आणि त्याने तिला ओळखलेही नाही. मोठे माणूस लहान्याला सावरते असे आपण म्हणतो, पण या दोन्ही चित्रपटांत लहान्याची जखम मोठ्याला आधीच ठाऊक असते.

आमच्या मोरजीच्या वाळूवर मादी अंडी घालून समुद्रात परत जाते आणि पिल्ले तिला कधी पाहत नाहीत. अंडी जपायला रात्री जागणारे लोक वेगळेच असतात. डोरा पहाटे बसमध्ये बसते तेव्हा मला ते आठवले.

सिनेवाट (पणजी) :

पावसाळी यांनी लिहिलेल्या आजोबांच्या म्हणण्यात आणखी एक प्रसंग जोडतो. वाटेत दोघे एका यात्रेच्या गर्दीत सापडतात, त्या रात्री जोझुए डोरावर चिडून गर्दीत पळतो, ती त्याच्यामागे नवसाच्या त्या खोलीत शिरते, शेकडो मेणबत्त्यांच्या धगीत, प्रार्थनांच्या गलबल्यात तिला घेरी येते. सकाळी तिचे डोके त्या मुलाच्या मांडीवर आहे. येशूला मांडीवर घेतलेल्या मारियेची जी मूर्ती आपण गोव्यातल्या चर्चांत पाहतो, तीच रचना, पण उलटी : मूल आई झाले आहे आणि आई मूल. त्यानंतर पैसे कसे मिळवायचे हे मुलगाच सुचवतो. यात्रेकरूंची पत्रे लिही, म्हणतो, संतांना आणि घरच्यांना. आणि या वेळी ती पत्रे ती टपालात टाकते. चित्रपटातल्या सगळ्या बदलांत मला हा सर्वांत विश्वासार्ह वाटतो, कारण तिला कुणी चांगले व्हायला सांगत नाही. तेच मेज, तेच काम, फक्त शेजारी ओरडून गिऱ्हाइके बोलावणारा एक मुलगा बसलेला आहे.

जुनी वही (फोंडा) :

तसबिरीखालच्या दोन पत्रांवर मी काल रात्री बराच विचार केला आणि तो प्रसंग काढून पुन्हा पाहिला. आनाचे पत्र तिथे ठेवणे हे डोराने स्वतःविरुद्ध दिलेले साक्षीपत्र आहे, हे मला आधी दिसले नव्हते. नाव वाचण्याबद्दलचे माझे मत बदललेले नाही. पण ती पुरावा मागे ठेवून गेली, एवढे मी तिच्या बाजूने लिहून ठेवते.

पावसाळी, आजोबांना माझा नमस्कार सांग. मला एक विचारायचे आहे, ते मात्र शापोराकाठ यांना. शामायच्या त्या वाक्याचे पुढे काय झाले?

शापोराकाठ (बार्देस) :

बाई, हे मी आजवर घरीसुद्धा सांगितलेले नाही, पण प्रश्न आपण विचारला आहे म्हणून लिहितो.

डिसेंबरात नाताळचे पत्र लिहिताना तिने डोळ्यांचे काही सांगितले नाही. मी ते स्वतःहून लिहिले. घडीच्या पट्टीवर, डिंकाला लागून, जिथे तिला कोरी जागा खपत नसे तिथे : डोळ्यांनी दिसेनासे झाले आहे, हा करार संपला की परत जाऊ नकोस. वाचून दाखवताना ते वाक्य मी गाळले. जूनमध्ये कागदावर नसलेले वाचले होते, डिसेंबरात असलेले वाचले नाही. फेब्रुवारीत कुठल्याशा दुसऱ्याच बंदरातून उत्तर आले की तो ईस्टरनंतर येतो आहे आणि तिने काळजी करू नये. मी वाचून दाखवले. शामायने बोटांवर महिने मोजले, जून ते फेब्रुवारी, आणि म्हणाली की हल्ली टपाल फार उशिरा पोचते.

तो आला. त्याने तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले. काचबिंदू होता, एका डोळ्याची नजर राहिली, दुसऱ्याची गेली होती. म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्ताला तिने मेणाचे दोन डोळे वाहिले. आम्ही हिंदू मुलेही तेल घेऊन बरोबर गेलो होतो.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मुलाने ट्रंकेतून एअरोग्रामची चळत काढली. आईची सगळी पत्रे त्याने जपली होती. बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बसून तो एकेक पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवू लागला आणि माझ्या लिपीतल्या चुकांवर दोघे हसू लागले. मी पायरीवर बसलो होतो. त्याने मे महिन्याचे पत्र संपवले, घडी घातली आणि पुढचे हातात घेतले, तेव्हा मी उठून घरी आलो. दुसऱ्या दिवशी तो भेटला, नेहमीसारखाच बोलला. शामायही नेहमीसारखीच बोलली.

पाऊस सरल्यावर तो पुन्हा जहाजावर गेला. चारेक दिवसांनी शामायने मला कुंपणावरून हाक मारली, पदराच्या गाठीतून पैसे काढून हातावर ठेवले, आणि म्हणाली की टपाल कचेरीतून दोन एअरोग्राम घेऊन ये.